मुळासकट द्यायचा कांदा

डोंगराच्या पोटातून निघालेला एक झरा करवंदीच्या जाळ्यांमधून खाली उतरत असे, आणि तो जिथे सपाटीला लागे तिथल्या रानात एक म्हातारी साळू राहत असे. मुलांनो, साळू तुम्ही बहुधा पाहिलेली नाही. अंगभर काळेपांढरे लांब काटे, चालली की त्यांचा खुळखुळ आवाज, आणि रागावली की सगळे काटे ताठ. अशा प्राण्याच्या शेजारी हौसेने कोण बसणार? त्यामुळे तरुणपणापासून ही साळू एकटीच होती. ती झऱ्यावर आली की बाकीची जनावरे पाणी पिणे आटोपते घेत. तोंडावर कुणी काही बोलत नसे, जागा मात्र सगळे भराभर सोडत. तिला ते कळत होते, आणि लागतही होते.

एका वर्षी पावसाच्या तोंडावर, वरच्या कड्याखाली राहणाऱ्या अस्वलिणीने तिला बोलावून घेतले. अस्वलीण फार म्हातारी झाली होती आणि आपण आता फार दिवस काढत नाही, हे तिने ओळखले होते. तिने आपल्या वाफ्यातून कांद्याचा एक झुबका उपटला, मुळांची ओली माती तशीच राहू दिली आणि तो साळूपुढे ठेवला.

"हा नेहमीचा कांदा नव्हे बरं का," अस्वलीण म्हणाली. "हा एक लावलास की वर्षात एकाचे दहा होतात, एकमेकांना चिकटून. बांबूचं बेट होतं ना, तसं. पात कापायची तर खाली दोन बोटं ठेवून काप, पुन्हा येते. कांदा हवा तर कडेचा काढ, मधल्याला हात लावू नकोस. उन्हाळ्यात पात पिवळी पडून लोळेल, तेव्हा घाबरू नकोस. तो झोपलेला असतो, पावसात उठतो."

"एवढंच?" साळूने विचारले.

"आणखी एक. कुणी मागितला तर मुळासकट द्यायचा. माझ्या आईनं मला तसाच दिला. एकाच्याच वाफ्यात राहिला तर एखाद्या दिवशी संपून जाईल. दहांच्या दारात असला, तर तुझा गेला तरी कुणाकडून तरी परत येईल."

साळूने मान डोलावली. मान डोलावणे फार सोपे असते. त्याच पावसाळ्यात अस्वलीण वारली, तिच्या वाफ्यावर दरड आली, आणि त्या रानात तो कांदा एकट्या साळूकडे उरला.

साळू कष्टाळू होती, हे तिच्या बाजूने मला सांगितलेच पाहिजे. तिने झऱ्याचे पाणी पाटाने आणले, वाफे बांधले, पाऊस सुरू झाला की दाट झालेली बेटे फोडून पुन्हा लावली. चार वर्षांत तिच्या बिळापुढे हिरवीगार पात वाऱ्यावर डुलू लागली. वांग्यांच्या कडेने तिने कांदा लावला, तर वांग्यांवर कीड कमी पडली. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या घोंगावू लागल्या, बी मात्र त्यांत कधी धरत नसे. चुलीचे तर विचारूच नका! पीठ पेरून पातीची भाजी, झुणक्यात पात, भाकरीबरोबर कच्ची पात आणि मीठ, चिमुकले कांदे अख्खेच सोडलेली आमटी, निखाऱ्यात भाजून गोड झालेला कांदा. एका सकाळी तो वास झऱ्यापर्यंत गेला आणि त्या वासामागे सगळ्यांत आधी एक ससा आला.

हा ससा गरीब स्वभावाचा होता, पोराबाळांचा होता, आणि कुठलीही गोष्ट शिकायची त्याला भारी हौस. कुंपणाच्या फटीतून डोके घालून तो म्हणाला, "आजी, कसला सुरेख वास येतोय! मला देता का थोडा? लावीन म्हणतो दारात."

आजी! मुलांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला आजी म्हटले होते. साळूचे काळीज सुपाएवढे झाले. तिने धावत जाऊन एक चांगला झुबका मुळासकट उपटला. कुंपणाकडे दोन पावले टाकली, आणि थांबली. तिच्या मनात आले, 'ह्याने हा दारात लावला, तर उद्या हा माझ्याकडे कशाला येईल?'

ती सशाकडे पाठ करून बसली. कांद्याच्या अगदी खाली, जिथून मुळे फुटतात, तिथे एक छोटी टणक चकती असते. कांद्याचा सगळा जीव त्या चकतीत. ती गेली की कांदा खायला तेवढाच गोड लागतो, पण मातीत कधीही रुजत नाही. साळूने प्रत्येक कांद्याची ती चकती मुळांसकट दातांनी कुरतडून टाकली, वरची माती पुसली आणि चकचकीत जुडी सशापुढे धरली.

"मुळं मातकट असतात," ती म्हणाली. "म्हणून कांदे साफ करून देते."

"किती नीटनेटक्या हो तुम्ही, आजी!" ससा म्हणाला.

झाले. तीच रीत पडली. सशामागून खार आली, मुंगूस आले, कोल्हा आला. रोज सकाळी कुंपणाशी रांग लागू लागली. कुणाला भाजीला पात हवी, कुणाला पोराच्या खोकल्यावर भाजलेला कांदा हवा. साळू कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नसे. भरभरून देई, पण चकती कापून देई. वाफ्यात पाऊल मात्र कुणालाही टाकू देत नसे, आणि उन्हाळा आला की पात लोळायच्या आतच कापून वाफ्यावर पाला पसरी, त्यामुळे झोपलेला कांदा कधी कुणाला दिसला नाही.

सशाने तो कांदा खरेच दारात लावला होता. तो आठ दिवसांत कुजला. त्याने दुसऱ्या वर्षी पुन्हा लावला, राख घातली, सावली केली. कुजला. तिसऱ्या वर्षी त्याने झऱ्याकाठची माती वाहून आणली. तरीही कुजला. मग तो कान पाडून साळूकडे आला. "आजी, माझं काय चुकतं हो? तुमच्याकडे संपता संपत नाही आणि माझ्याकडे उगवत नाही."

सांगायची ती वेळ होती. कुंपणाशी बाकीचे सगळे कान टवकारून उभे होते. साळू हसली आणि म्हणाली, "हाताला गुण असावा लागतो, बाबा."

"खरंय," ससा म्हणाला, आणि त्याने पुन्हा काही लावले नाही. साळूच्या हाताचा गुण मात्र रानभर गाजला. झऱ्यावर ती आली की आता सगळे सरकून तिला जागा देत, आणि जवळ बसत. काट्यांचे कुणाला काही वाटेनासे झाले.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग एका वर्षी, पळस फुलले होते तेव्हा, वरून घरंगळत आलेला धोंडा साळूच्या मागच्या पायावर पडला. पाय असा ठेचला की तिला बिळातून हलता येईना. ससा रोज तिला पाणी आणून देई, पाला बांधी. एके दिवशी तो म्हणाला, "आजी, वाफ्याचं काय करू, सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

साळू विचारात पडली. उन्हाळ्यात पात लोळते, कांदा झोपतो, मधल्याला हात लावायचा नाही, हे सगळे सांगायला हवे होते. पण हा ससा चौकस. एक सांगितले की दहा विचारणार. मधलाच का ठेवायचा? मग मी लावलेला का कुजला? तिने डोळे मिटले. "पाटाचं पाणी तेवढं बघ," ती म्हणाली. "बाकीचं मी उठले की पाहीन."

ससा इमानाने पाणी घालत राहिला. पण ऊन तापले, आणि एका आठवड्यात सगळी पात पिवळी पडून जमिनीवर लोळली. ससा घाबराघुबरा झाला. त्याने खारीला बोलावले, मुंगसाला बोलावले. "आजी आजारी, म्हणून कांद्यानंही मान टाकली," मुंगूस म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात कोल्हा आला. हा माणसांच्या शेतांच्या बांधावरून रोज येई-जाई, त्यामुळे जगातले सगळे आपल्याला कळते अशी त्याची समजूत होती. आणि गंमत अशी, की या वेळी तो खोटे बोलला नाही. तो म्हणाला, "रडता काय, वेड्यांनो! माना पडल्या म्हणजे कांदा काढणीला आला. माणसांच्या शेतात मी दरवर्षी बघतो. माना पडल्या की शेतातला एकूण एक कांदा उपटतात. राहिला तर सडतो."

"आजींना विचारू या का?" ससा म्हणाला.

"अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या जिवाला कशाला घोर? पीक नीट हाती आलं की एकदमच सांगू. खूश होतील."

माणसांच्या कांद्याची गोष्ट खरीच होती. हा कांदा मात्र तो नव्हता. हे त्या रानात एकाच जिवाला ठाऊक होते, आणि तो जीव वीस पावलांवर बिळात पडला होता.

सगळे कामाला लागले. कधी नव्हे ते आजींच्या वाफ्यात पाऊल टाकायचे, म्हणून आधी त्यांनी पाय धुतले. सशाने बेटे अलगद उकरली. आजींचे काही वाया जायला नको, म्हणून खारीने माती बोटांनी विंचरून दाण्याएवढे कांदेसुद्धा वेचले. कडेचे, मधले, सगळे. मग कांदे ढिगाने झऱ्यावर नेले आणि मुळांची वेळ आली.

"अशीच कशी ठेवता?" खार म्हणाली. "आजी कधी मातकट मुळं देतात का? त्यांच्यासारखंच झालं पाहिजे."

मग त्यांनी साळूच्या जुड्या आठवून आठवून एकेका कांद्याची चकती कापली. सगळा दिवस कापत होते. काम इतके सुबक झाले, की साळूला स्वतःला जमले नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिळात पडल्या पडल्या साळूला फोडणीचा वास आला. कांदा परतल्याचा वास. ती मनाशी म्हणाली, 'कुणाकडे बरे एवढा कांदा?' वास वाढतच गेला. ती कोपरांवर रेटून बिळाच्या तोंडाशी यायला लागली, तोच ससा आत आला. त्याच्या एका हातात भाकरी आणि पळसाच्या द्रोणात कांद्याचा रस्सा, दुसऱ्या हातात पानाची पुडी.

"आजी, पहिला द्रोण तुमचा!" तो म्हणाला. "काल तुमचा सगळा कांदा काढला आम्ही. एकही मागे ठेवला नाही. सडू दिला नाही. आज तुमच्या नावानं पंगत आहे. उरलेला टोपल्यांत भरलाय, ज्याच्या त्याच्या घरी चार महिने पुरेल."

"मधले?" साळूने विचारले. "मधले ठेवले ना?"

"मधलेच तर मोठे होते, आजी!"

"आणि मुळं?"

"कापली की. अगदी तुमच्यासारखी." ससा अभिमानाने म्हणाला. मग त्याने पुडी उघडली. "हे सात मात्र दगडाखाली लपले होते. सगळं आवरल्यावर सापडले, म्हणून राहिलेत असेच. हे तुम्हाला."

पुडीत सात चिमुकले कांदे होते. मातीने माखलेले, खाली बारीक मुळांची दाढी असलेले. सातांच्या सातही चकत्या शाबूत होत्या. अस्वलिणीने दिलेल्या झुबक्यात तरी कुठे फार होते? सातांवर सगळे पुन्हा उभे राहिले असते. साळूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

"रडता का, आजी?"

"कांदा झोंबला," साळू म्हणाली.

ससा द्रोणाकडे पाहत राहिला. "शिजलेला कांदा झोंबत नाही, आजी," तो हळूच म्हणाला.

साळूने तोंड उघडले. ती सांगणार होती, मुलांनो, मी तुम्हाला खोटे सांगत नाही. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी सगळी पंगत येऊन उभी राहिली. खार, मुंगूस, त्यांची पोरे, आणि सगळ्यांच्या पुढे कोल्हा. "आजींच्या हाताचा गुण!" कोल्हा ओरडला. "पाऊस पडू दे, आजी उठू देत, रिकाम्या मातीतून पुन्हा कांदा काढतील की नाही बघा!" सगळ्यांनी एकच गलका केला. पोरे तिच्या काट्यांना न भिता आत घुसली आणि तिला बिलगून बसली.

इतक्या सगळ्यांसमोर कसे सांगायचे, की गुण वगैरे काही नव्हता? की इतकी वर्षे तुम्हाला जे दिले ते मारून दिले? साळूने ठरवले, सगळे गेले की एकट्या सशाला सांगू. तिने पुडी जवळ ओढली. "राहू दे हे इथंच," ती म्हणाली.

"छे छे! असे मातकट?" कोल्हा पुढे झाला. "आजी, आयुष्यभर तुम्ही आम्हाला साफ करून दिलेत. आज आम्ही देतो." त्याने पुडी उचलली, साळूसमोर मांडी घातली, पहिला कांदा दातांत धरला आणि कट्‌ करून चकती तोडली.

साळू बघत राहिली. 'थांब' एवढा एकच शब्द पुरेसा होता. पण 'थांब' म्हटले की 'का?' आले, आणि त्या 'का'ला एकच उत्तर होते. दुसरा कांदा कट्‌. तिसरा. पोरे टाळ्या पिटत होती. चौथ्याला तिला वाटले, अजून तीन आहेत. सहाव्याला वाटले, एक पुरे, एकाचेही दहा होतात. सातवा कोल्ह्याने जरा जास्तच निगुतीने कापला, पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "घ्या," तो म्हणाला, "आरशासारखा."

पंगत उठली. जाता जाता सगळे तिच्या पाया पडून गेले.

पाऊस लागला. साळूचा पाय बरा झाला, थोडा लंगडा राहिला. कुंपणाशी पुन्हा रांग उभी राहू लागली. साळू वाफ्यात उतरून उकरल्यासारखे करी, पाणी घातल्यासारखे करी. वाफ्यात गवत आले, आघाडा आला, दुसरे काही आले नाही. पहिले पंधरा दिवस सगळे भक्तिभावाने उभे होते. मग खार म्हणाली, "आपण वाफ्यात पाय टाकला, त्याचा राग धरला असेल." मुंगूस म्हणाले, "उगवलं असेल, लपवून ठेवत असेल." कोल्हा म्हणाला, "मला आधीपासूनच संशय होता." ज्याने सातवा कांदा कापला, त्यालाच आधीपासून संशय होता! रांग पातळ होत गेली, आणि एका सकाळी कुंपणाशी कुणीच नव्हते.

त्यानंतर एकदा ससा एकटाच आला. साळू वाफ्याच्या बांधावर बसली होती. त्याने काही विचारायच्या आतच तिने सगळे सांगून टाकले. अस्वलीण, मुळे, चकती, पहिली जुडी, सगळे. सांगून झाल्यावर तिला हलके वाटेल अशी तिची कल्पना होती. तसे काही वाटले नाही.

सशाने आपले पंजे उलटेसुलटे करून पाहिले.

"तीन वर्षं लावत होतो मी," तो म्हणाला. "कुजला की घरी पोरं हसायची. मग मी भोपळाही लावला नाही, वालही लावला नाही. म्हटलं, आपल्या हाताला गुणच नाही."

साळू बांधावरचे गवत उपटत राहिली.

"माझ्या दारात असता ना," ससा उठत म्हणाला, "तर आज तुम्हाला परत आणून दिला असता. मुळासकट."

आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. पुन्हा यायचे असते, म्हणून 'येतो' म्हणतात. ससा कुंपणापर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "जातो, साळूबाई."

त्याने ही गोष्ट रानात कुणालाही सांगितली नाही. सांगायची गरजही उरली नव्हती. साळू अजून रोज झऱ्यावर पाणी प्यायला जाते. ती येताना काट्यांचा खुळखुळ आवाज ऐकू आला, की बाकीची जनावरे पाणी पिणे आटोपते घेतात.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दारात रुजू नये म्हणून जे आपण छाटून देतो, ते आपल्या दारातून गेले की परत आणून द्यायला कुणाकडेच उरत नाही, आणि छाटणाऱ्यांना बोल लावता येत नाही, कारण ते आपल्याकडूनच शिकलेले असतात.